जाती आणि उपाधी : कवडीच्या वर्गीकरणासंबंधी

प्राणिशास्त्राच्या मराठी परिभाषेत ज्या मूलभूत एककाला 'जाती' म्हणतात आणि समाजव्यवहारात जिला 'जात' म्हणतात, त्या दोन्ही संज्ञा 'जन्' या एकाच धातूपासून आलेल्या आहेत. मराठी विश्वकोशाने 'जाती' हा शब्द या मूळ एककासाठी योजला आणि 'प्रजाती' हा त्याच्या वरच्या पायरीसाठी राखला. वृत्तपत्री मराठीने मात्र ही व्यवस्था उलटवली असून मूळ एककालाच ती 'प्रजाती' म्हणू लागली आहे. हे अज्ञानातून घडले असे म्हणता येईल. पण 'जात' हा शब्द उच्चारण्याचा सुशिक्षित मराठी माणसाचा संकोचही त्यामागे नसेल असे नाही. ते कसेही असो, एका शब्दात दोन वर्गीकरणे नांदतात ही गोष्ट केवळ भाषिक योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. निसर्गातील भेद आणि माणसांनी पाडलेले भेद यांच्यात सीमारेषा कोठे आखायची, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे. त्याचा विचार एका अगदी क्षुद्र प्राण्याच्या, म्हणजे कवडीच्या, उदाहरणाने करता येईल.

उदाहरण क्षुद्र असले तरी परके नाही. अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही महाकाळा गावालगत सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली वस्ती. तिचे नावही कारखान्याच्या संस्थापकाच्या नावावरून पडलेले. समुद्र येथून तीनशे किलोमीटरहून दूर आहे. तरीही या गोदाकाठच्या मुलखात कवडी ओळखीची आहे : आराध्यांच्या गळ्यातील माळेत, भुत्यांच्या अंगावर, तांड्यावरील बंजारा स्त्रियांच्या पोषाखात आणि 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' अशा बोलण्यात. कवडीचा प्राणी मात्र येथे कोणी पाहिलेला नसतो. येथे पोहोचते ते त्याचे कवच. प्राणी वगळून त्याचा अवशेष ओळखणे ही गोष्ट केवळ समुद्रापासून दूर राहणाऱ्यांच्या वाट्याला आली असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. ज्या ग्रंथाने कवडीला शास्त्रीय नाव दिले त्याचीही कथा याहून फार वेगळी नाही.

कार्ल लिनेअसच्या 'सिस्टेमा नॅच्युरे' या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली प्रसिद्ध झाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभबिंदू म्हणून आज तीच मानली जाते. या ग्रंथात शंखशिंपल्यांचे प्राणी 'कृमी' या वर्गात आणि त्यातही 'कवचधारी' या गणात घातलेले आहेत. तेथील प्रजाती पाडल्या आहेत त्या कवचाच्या घडणीवरून. कवडीच्या प्रजातीला 'सिप्रिया' हे नाव मिळाले. सायप्रस बेटाशी जोडलेल्या अ‍ॅफ्रोडायटी या देवतेच्या नावावरून ते आलेले आहे. कवडीच्या तळाकडील दंतुर फटीत स्त्रीयोनीचे साम्य पाहण्याची दृष्टी युरोपात जुनी होती. आपल्याकडे देवीच्या उपासनेत कवडीला जे स्थान आहे त्याच्याशी ती ताडून पाहण्यासारखी आहे. त्या प्रजातीतील ज्या लहान पिवळसर कवडीचा आपण येथे विचार करीत आहोत तिला लिनेअसने 'मोनेटा' म्हटले, म्हणजे नाणे. कवचाच्या वर्णनाला त्याने शब्द खर्च केले आहेत. आतल्या प्राण्याबद्दल प्रजातीच्या नोंदीत एकच शब्द आहे आणि तो बिनशंखाच्या गोगलगायीचा वाचक आहे.

येथे जरा थांबले पाहिजे. 'सिप्रिया मोनेटा' या नावात प्राण्याविषयी काय आहे? पहिला शब्द माणसाला त्या कवचात काय दिसले ते सांगतो, दुसरा माणसाने त्या कवचाचे काय केले ते सांगतो. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात, प्रवाळांच्या आणि खडकांच्या आसऱ्याने राहणारा, आपल्या मांसल प्रावाराने कवचाला बाहेरून झाकून ते गुळगुळीत राखणारा जीव या नावात कोठेच नाही. ती चकाकी सतत त्या प्रावाराखाली राहिल्यामुळेच येते. म्हणजे ज्या गुणामुळे कवडी दागिन्यांत, माळेत आणि व्यापारात शिरली तो गुण त्या प्राण्याच्या जगण्याचा भाग होता. नाव देणाऱ्याने गुण घेतला आणि गुणी वगळला.

भारतीय परंपरेत याहून अधिक न्याय झाला असे मानण्याचे कारण नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यास, वराटक हे मोजणीतील सर्वांत खालचे एकक आहे : वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. तेव्हा एका द्रम्माच्या १२८० कवड्या होतात. येथे कवडीला 'जाती' नाही, केवळ संख्या आहे. रसशास्त्रात ती निराळ्या पंक्तीला बसते. 'रसरत्नसमुच्चया'ने कपर्द साधारण रसांच्या गटात घातला आहे आणि त्या गटातील तिचे सोबती आहेत कंपिल्ल, सोमल, नवसागर, अग्निजार, गिरिसिंदूर, हिंगूळ आणि मुरदाडशिंग. वनस्पतीच्या फळांवरील भुकटी, विषारी खनिज, क्षार, पाऱ्याचे संयुग, शिशाचे संयुग आणि एका समुद्रजीवाचे कवच या साऱ्यांची एकत्र पंगत पाहून आधुनिक वाचकाला हसू येईल. मिशेल फूको यांनी 'द ऑर्डर ऑफ थिंग्ज'च्या (१९६६) आरंभी बोर्हेसच्या चिनी ज्ञानकोशाचा दाखला देऊन ज्या हसण्याचे वर्णन केले आहे त्याच जातीचे हे हसू. पण रसवैद्याला या वस्तूंचे कूळ शोधायचे नव्हते. त्याला शोधन-मारणादी क्रियांत त्यांचा उपयोग करायचा होता. त्यासाठी कवडीची पारख त्याने बारकाईने केली आहे : पिवळसर आभा असलेली, पाठीवर गाठी असलेली ती ग्राह्य, दीड निष्क वजनाची श्रेष्ठ, एक निष्काची मध्यम, पाऊण निष्काची कनिष्ठ. यातील पाठीवरच्या गाठी हे लक्षण विशेष महत्त्वाचे आहे. 'मोनेटा'ला तिच्या निकटच्या आणि पाठीवर सोनेरी कडे असलेल्या 'अ‍ॅन्युलस'पासून वेगळे ओळखताना आजचा अभ्यासकही त्या गाठींकडे पाहतो. हेतू पूर्णपणे वेगळा असूनही रसवैद्य आणि लिनेअस एकाच भेदापाशी येऊन पोहोचतात, ही वस्तुस्थिती 'सारी वर्गीकरणे यादृच्छिक असतात' असे म्हणणाऱ्याला अडचणीची आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या समीक्षेत हे विधान फार सैलपणे वापरले गेले आणि आजही वापरले जाते.

या अडचणीतून वाट काढण्यासाठी न्याय-वैशेषिकांची एक भेदरेषा उपयोगी पडते. अनेक व्यक्तींत आढळणारा प्रत्येक समान धर्म म्हणजे जाति नव्हे, असे ते मानतात. जाति ही वस्तूत समवायाने राहते. त्या कसोटीला न उतरणारा समान धर्म ही उपाधी. उदयनाचार्यांनी 'किरणावली'त सहा जातिबाधके सांगितली आहेत. त्यांतील 'संकर' हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र आणि काही ठिकाणी परस्परांना सोडून राहत असतील तर ते दोन्ही जाति ठरू शकत नाहीत. भूतत्व आणि मूर्तत्व हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण : पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांत दोन्ही आहेत, आकाशात केवळ भूतत्व आहे, मनात केवळ मूर्तत्व. जाति एकमेकींच्या पोटात पूर्णपणे बसल्या पाहिजेत किंवा एकमेकींपासून पूर्णपणे अलग असल्या पाहिजेत. लिनेअसची उतरंड – वर्ग, गण, प्रजाती, जाती – नेमक्या याच नियमावर उभी आहे, हे साम्य अभ्यासकांनी पुरेसे पारखलेले दिसत नाही.

या कसोटीवर 'नाणेपण' कोठे बसते? कवड्या नाणे आहेत, पण सगळ्या नव्हेत. धातूचे तुकडेही नाणे आहेत, पण सगळे नव्हेत. नाणेपण ही सरळ सरळ उपाधी आहे, तीही माणसाच्या व्यवहाराने घातलेली. लिनेअसने एका जातीला उपाधीचे नाव दिले. १८६३ साली ट्रॉशेल याने याच नाण्यावरून 'मोनेटारिया' असे प्रजातिनाम दिले आणि आज मान्य असलेले पूर्ण नाव 'मोनेटारिया मोनेटा' असे आहे. म्हणजे उपाधी दोनदा उच्चारली जाते. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे १८ वे कलम सांगते की, नाव अयोग्य आहे एवढ्या कारणाने ते बाद होत नाही. नाव वर्णन करीत नाही, निर्देश करते. हेच मत सॉल क्रिप्की यांनी १९७० सालच्या व्याख्यानांत विशेषनामांविषयी आणि जातिवाचक नामांविषयी मांडले. त्या मताने 'मोनेटा' हे नाव निरुपद्रवी ठरते.

ते खरोखर निरुपद्रवी आहे काय? मालदीवच्या कवड्या बंगालमध्ये तांदळाच्या बदल्यात येत. सतराव्या-अठराव्या शतकांत डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी त्या जहाजांतून युरोपात नेल्या व तेथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. तेथे त्यांच्या बदल्यात ज्या गोष्टी विकत घेतल्या गेल्या त्यांत माणसे होती. लिनेअस 'मोनेटा' हे नाव देत होता तेव्हा हा व्यापार भरात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हँबुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांजिबारहून 'अ‍ॅन्युलस'च्या कवड्या प्रचंड प्रमाणात पश्चिम आफ्रिकेत ओतल्या आणि तेथील कवडीचे मोल कोसळले. प्राणिशास्त्राने वेगळ्या ठरवलेल्या दोन जाती व्यापाराने एका उपाधीखाली आणल्या. त्याचा भुर्दंड कवडीत बचत ठेवणाऱ्यांनी भरला. उपाधी निसर्गाच्या भेदाला बांधील नसते; ती घालणाऱ्याच्या हिताला बांधील असते. तिला जातीचे रूप दिले की हे हित नजरेआड होते. वर्गीकरणातील नैतिक दोष जर कोठे शोधायचा असेल तर तो या रूपांतरात शोधला पाहिजे. माणसाने पाडलेला भेद स्वतः दोषास्पद नसतो. मोजण्यासाठी, औषधासाठी, पूजेसाठी भेद पाडावेच लागतात. एका हेतूने पाडलेला भेद दुसऱ्या कामाला लावायचा आणि हेतू बदलल्याची नोंद पुसून टाकायची, येथे अपराध सुरू होतो.

प्राणिशास्त्राच्या बाजूने येथे एक गोष्ट नमूद करणे न्याय्य होईल. त्या शास्त्राने स्वतःला दुरुस्तीची सोय ठेवली आहे. कोवळ्या कवडीचे कवच पातळ असते, त्यावर वेटोळे दिसते, ओठ आत वळलेला नसतो, दात नसतात. प्रौढ कवडीशी तिचे दर्शनी साम्य अगदी थोडे. केवळ कवचावर विसंबणाऱ्यास येथेच धोका संभवतो. विसाव्या शतकात फ्रान्झ आणि मारिया शिल्डर या दांपत्याने कवड्यांची अनेक प्रजातींत व उपजातींत विभागणी केली; बऱ्याच अभ्यासकांनी ती बाजूस ठेवून सर्व कवड्यांना 'सिप्रिया' याच छत्राखाली राहू दिले. २००३ पासून ख्रिस्तोफर मेयर यांनी प्राण्याच्या उतींतील जनुकीय द्रव्यावरून कवड्यांच्या कुळाची वंशावळ तपासली. लिनेअसने एका शब्दात निकालात काढलेला प्राणी तेव्हा कोठे साक्षीला बोलावला गेला. या साऱ्या फेरबदलांची खूण नावात राहते : 'मोनेटारिया मोनेटा (लिनेअस, १७५८)'. लिनेअसच्या नावाभोवतीचा तो कंस सांगतो की, जातीचे नाव त्याचे, पण त्याने तिला ज्या प्रजातीत बसवले होते तेथून ती हलवली गेली आहे. कोणी, केव्हा नाव दिले आणि त्याचा निर्णय बदलला गेला की नाही, हे तीन तपशील एका ओळीत. इतके साधे साधन मानव्यविद्यांच्या वर्गीकरणांना लाभलेले नाही.

साहित्यविचाराकडे पाहिले तर हे सहज ध्यानी येईल. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' (सुमारे १२७८) वाङ्मयेतिहासात 'मराठीतील आद्य गद्य चरित्र' म्हणून नोंदले जाते. ही नोंद चुकीची नाही. परंतु महानुभाव साधकांसाठी त्या लीळा परमेश्वरावताराच्या स्मरणाचे साधन होत्या. 'चरित्र' हे नाव त्यांच्यापाशीही होते, पण वाङ्मयेतिहासकाराचा 'चरित्र' हा वर्ग आधुनिक आहे. त्यात कालक्रम, व्यक्तिविकास, वास्तवदर्शन अशा अपेक्षा अंतर्भूत आहेत. त्या वर्गात ग्रंथ बसवल्यावर त्याच्या वास्तवतेची स्तुती आणि विस्कळितपणाची तक्रार एकाच मापाने होऊ लागली. स्मरणासाठी रचलेल्या लीळेच्या तुटकपणाला त्या मापात जागाच नव्हती. येथेही उपयोगाने आलेले नाव जातीच्या नावासारखे वापरले गेले आणि त्याभोवती कंस घालायचे राहून गेले. 'ग्रामीण', 'दलित', 'स्त्रीवादी' या संज्ञांची चर्चा स्वतंत्रपणे करावी लागेल. त्यांतील काहींच्या मुळाशी त्या लेखकांनी स्वतः स्वीकारलेले नाव आहे आणि त्यामुळे प्रश्नाचे स्वरूप पालटते.

नाव स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची शक्यता ज्याच्यापाशी आहे त्याचे वर्गीकरण आणि कवडीचे वर्गीकरण यांत भेद करावा लागतो. इयन हॅकिंग यांनी वर्गांचे उदासीन आणि प्रतिसादी असे दोन प्रकार मानले ते याच कारणाने. आपल्याकडे हा भेद फार पूर्वी केला गेला आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने, या वादाला उत्तर देताना बुद्ध आधी तृण, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्याकडे वळतात : त्यांच्यात जन्मजात भेदक लक्षणे आहेत, म्हणून त्यांच्या जाति अनेक, मनुष्यांच्या अवयवांत तशी लक्षणे नाहीत, त्यांच्यातील भेद केवळ संज्ञेपुरता आहे. कुमारिलांनी ब्राह्मणत्व ही जातिच असून जन्मदात्यांच्या ज्ञानाच्या साहाय्याने ती प्रत्यक्ष होते असे प्रतिपादन केले. दोन्ही पक्षांना निसर्गातील जाति मान्य आहेत. वाद आहे तो एका उपाधीला जातीचा मान द्यावा की नाही याचा. वज्रसूचीने तोच वाद पुढे चालवला आणि ती वज्रसूची सतराव्या शतकात मराठी अभंगांत आणली ती शिऊरच्या संत बहिणाबाईंनी. मराठवाड्याच्या भूमीत एका ब्राह्मण स्त्रीने, तुकोबांना गुरू मानून, हा तर्क आपल्या भाषेत मांडावा ही घटना आपल्या तत्त्वविचाराच्या इतिहासात अजून पुरेशी वाचली गेलेली नाही. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जातिभेद हा वंशभेद असल्याचे मत खोडून काढले तेव्हा ते याच पक्षाला नवे पुरावे देत होते.

पण उपाधी ठरवल्याने जात नाहीशी होत नाही. उपाधी खरी असते. ती लादल्याचे परिणाम त्याहून खरे असतात, आणि त्या परिणामांच्या भरपाईसाठी त्याच उपाधीची नोंद करावी लागते. कवडी शिवलेला तोच पोषाख अंगावर असलेली बंजारा स्त्री महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडते, तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. तिच्या पोषाखावरील कवडी या तिन्ही राज्यांत 'मोनेटारिया' प्रजातीतलीच राहते. समुद्राच्या प्राण्याला सीमा ओलांडताना वर्ग बदलावा लागत नाही. हा विनोद नव्हे; त्या तीन वर्गांवर शिक्षण, नोकरी आणि प्रतिनिधित्व अवलंबून आहे.

अंकुशनगरच्या परिसरात हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुस्तकात राहिलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये अंबड तालुक्यातीलच अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले आणि १ सप्टेंबरच्या लाठीमारानंतर ते राज्याचा विषय बनले. जून २०२४ मध्ये अंकुशनगरपासून काही किलोमीटरवर असलेल्या वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी दुसरे उपोषण झाले. दोन्ही मांडवांत वाद एका शब्दाचा होता : कुणबी. २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे पात्र व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्र देण्याच्या कार्यपद्धतीचा निर्णय काढला. त्यानंतर त्याच गॅझेटियरच्या आधाराने बंजारा समाजानेही अनुसूचित जमातीची मागणी पुढे रेटली. या मागण्यांच्या न्याय्यतेचा निर्णय करणे हे या लेखाचे काम नव्हे. येथे पाहायचे ते पुराव्याचे स्वरूप. निजामाच्या राज्यात समूहांची गणना झाली ती कारभारासाठी. सामाजिक न्यायाची कल्पना त्या रकान्यांच्या मागे नव्हती. 'कुणबी' या शब्दात धंदा किती आणि कूळ किती याचा निवाडा गणना करणाऱ्याला करावा लागला नसेल; उदयनांच्या भाषेत तेथे संकर होता आणि त्याच्याकडे तो नोंदवण्याची सोय नव्हती. शतकभरानंतर तीच नोंद वंशाचा दाखला म्हणून वाचावी लागते आहे आणि वाचणाऱ्या दोन्ही बाजूंना ती प्राणिशास्त्रातील जातीइतकी पक्की असावी असे वाटते.

या वाचकांना दोष देणे सोपे आहे, पण अन्याय्य आहे. त्यांच्यापुढे दुसरा कागद ठेवलेला नाही. गॅझेटियर समूहांच्या संख्या देते. प्रमाणपत्र मात्र एका व्यक्तीच्या नावाने द्यावे लागते. त्या दोहोंमधले अंतर गावसमितीच्या चौकशीने, शपथपत्राने, नात्यातल्या कोणाच्या तरी जुन्या दाखल्याने भरून काढण्याचे काम आता तालुक्याच्या कचेरीत चालते. नोंद कोणी केली, कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून केली आणि ज्याची केली त्याने स्वतःला काय म्हणवले होते, यासाठी त्या अर्जात रकाना नाही.